हार्मनी शाळेच्या मैलभर दक्षिणेला

टक्.

ओट्यावरच्या सात बरण्यांपैकी तिसरीचं झाकण आत बसलं. तुतीचा जॅम निवत आला की झाकणं अशी एकेक करून बोलतात. एरवी मला तो आवाज आवडतो, पण त्या दुपारी माझा श्वासच अडकला. एलीला झोपवायला पाऊण तास लागला होता आणि चार महिन्यांच्या त्या गृहस्थांना जागं व्हायला बरणीचं झाकणसुद्धा पुरतं. पाळण्यातून एक मूठ वर आली, हवेत थांबली, पुन्हा खाली गेली. थोरली विला जमिनीवर पोटावर पडून चित्र काढत होती. तिनं ओठांवर बोट ठेवून बरण्यांना दटावलं.

तेवढ्यात मागचं जाळीचं दार उघडून तांते वर्ना आत आली. तांते म्हणजे मावशी, आणि ही सगळ्या नॉयफेल्ड गावाची. सत्तावीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. मला पहिलीपासून बारावीपर्यंत तिनंच नेलं-आणलं.

"पोर झोपलंय?"

"झोपलंय. हळू बोल."

"मग हळूच ओरडते," म्हणत तिनं एक कागद टेबलावर ठेवला. "वाच."

तीन ओळी होत्या. चार जूनचा टोर्नेडोचा अहवाल पडताळणीत खोटा ठरला आहे. सोमवारच्या बैठकीत निर्णय होईपर्यंत आपलं नाव टेहळणीच्या यादीतून वगळण्यात येत आहे. खाली सही केंट ऑलरेडची, काउंटीच्या आपत्कालीन अधिकाऱ्याची.

"चुकीचा म्हणाला असता तर मी गिळलं असतं, ट्रिना," तांते खुर्चीत टेकत म्हणाली. "म्हातारीचे डोळे गेले म्हणाला असता तरी हसले असते. पण खोटा? अगं, सत्तावीस वर्षांत मी एक पोर चुकीच्या दारात उतरवलं नाही."

ती हसत नव्हती. मी कागद पुन्हा वाचला आणि माझे कान तापले. कारण तो अहवाल एकट्या वर्नाचा नव्हता, माझ्या स्वयंपाकघरातून गेला होता.

पावाच्या डब्याशेजारी माझा रेडिओ आहे. ढग दाटले की काउंटीच्या चहूबाजूंना आठ-नऊ जण आपापल्या कोपऱ्यावर गाडी लावून आभाळ बघत उभे राहतात. दिसेल ते मला सांगतात. मी खोदून विचारते, लिहून घेते आणि पटलं तरच काउंटीच्या मुख्य गावी, ऑल्टेनला, केंटकडे पाठवते. तो भोंगे वाजवतो आणि हवामान कचेरीला कळवतो. हे खोदून विचारणं, तेवढंच माझं काम. घाबरलेल्या डोळ्यांना ढगाची प्रत्येक चिंधी सोंडेसारखी दिसते. एप्रिलमध्ये एकानं जळत्या गवताचा धूर टोर्नेडो म्हणून कळवला होता. "फिरतोय का ते सांग," एवढंच मी म्हटलं, तर मिनिटभरानं तो खजील होऊन म्हणाला, "नाही गं, नुसता वर जातोय."

चार जूनला संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वर्नाचा आवाज आला होता. मी एलीला एका हातावर घेऊन उभी होते.

"ट्रिना, सोंड आहे."

"फिरतीये?"

"फिरतीये. डावीकडून उजवीकडे."

"खाली टेकलीये?"

"मधला भाग दिसत नाही, पण खाली धूळ उठलीये. गहू उडतोय बघ, पिवळा."

"तू कुठं आहेस आणि ते कुठं आहे?"

हा प्रश्न महत्त्वाचा. नवखी माणसं स्वतःची जागा सांगतात, वादळाची सांगायला विसरतात. वर्ना कधीच विसरत नाही.

"मी माझ्या नेहमीच्या कोपऱ्यावर. ते हार्मनी शाळेच्या मैलभर दक्षिणेला, ईशान्येला सरकतंय."

मी तसंच लिहिलं आणि तसंच पुढं पाठवलं. मग हातातला छोटा रेडिओ कमरेला लावून दोघांना घेऊन तळघरात उतरले. विलाला शेवटची पायरी आवडत नाही. ती उंच आहे आणि खाली अंधार असतो. मी आधी उतरून हात दिल्याशिवाय ती पाऊल टाकत नाही. नॉयफेल्डचा भोंगा वाजला नाही. तो वर्षातून दोनदा बिघडतोच, तसाच बिघडला असेल, असं मला वाटलं.

"थांब," मी वर्नाला म्हटलं आणि केंटला फोन लावला.

"अहो ट्रिना, मला आनंद होत नाहीये हे करताना," तो म्हणाला. आवाजावरून झालेला वाटत होता. "पण मी स्वतः जाऊन बघितलं. सॉफ्टबॉलचा अंतिम सामना चालला होता, ऑल्टेनमध्ये लख्ख ऊन, आणि मी भोंगा वाजवला. लोक पळाले. एक आजोबा चर्चच्या पायऱ्यांवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर झाडाचं पानही हललेलं नाही."

"ऑल्टेनचा भोंगा का वाजवलात पण?"

"तुमचाच निरोप होता. हार्मनी शाळेच्या मैलभर दक्षिणेला. मी अगदी तिथंच गेलो. स्मशानभूमी आहे आणि गोल्फचं मैदान."

"हार्मनीजवळ कसलं गोल्फचं मैदान?"

"शाळा बागेत आहे. बाग संपली की..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी फोनवर हात ठेवून वर्नाकडे बघितलं. "तो म्युझियमकडे गेला होता," मी म्हटलं.

वर्नाचं तोंड उघडं राहिलं.

हार्मनी शाळा एकाच खोलीची. वर्ना तिथं चौथीपर्यंत शिकली, मग शाळा बंद झाली. सत्त्याऐंशी साली ऑल्टेनच्या लोकांनी ती जॅकवर उचलली, अख्खी ट्रकवर चढवली आणि नऊ मैल नेऊन आपल्या बागेत ठेवली. आता तिथं जुने बाक, जुनी घंटा आणि तिकीट. इकडे मागं एक हातपंप राहिला आणि झोपाळ्याचे दोन खांब. पण जागा कुठं उचलून नेता येते? मी जन्मले त्याच्या कितीतरी आधी ती इमारत गेली, तरी मी लहानपणापासून "हार्मनी शाळेपाशी वळ" असंच ऐकत आले आणि म्हणत आले. त्या दिवशी मी सगळं विचारलं होतं. फिरतंय का, टेकलंय का, धूळ आहे का. कुठल्या रस्त्यावर, हे मात्र विचारलं नव्हतं, कारण मला माहीत होतं. मला माहीत होतं म्हणून जगाला माहीत आहे, असं मी धरलं.

मी केंटला सांगितलं. तो म्हणाला, "मग शाळा कशाला म्हणालात?"

"कारण ती शाळा आहे."

"तिथं शाळा नाहीये, ट्रिना. तिथं काहीच नाहीये. नकाशात बघा."

"सगळे तसंच म्हणतात."

"सगळे म्हणजे तुम्ही चाळीस माणसं."

"चाळीस माणसांच्या डोक्यावर सोंड होती आणि तुम्ही भोंगा नऊ मैलांवर वाजवलात! आमच्याकडे वाजलाच नाही. मला वाटलं बिघडलाय. आठ दिवसांत वर्नाला एक फोन करून विचारावंसं नाही वाटलं? खोटा लिहायला बरा वेळ मिळाला."

"ओरडू नका."

"मी हळूच ओरडतीये. बाळ झोपलंय."

त्यानं मोठा सुस्कारा सोडला. "पुरावा आणा. जमिनीवरचा. सोमवारी दहा वाजता बैठक आहे. नाहीतर मी ठराव मांडणार आहे की एकाच माणसाच्या शब्दावर यापुढं भोंगा वाजणार नाही. दोघांनी बघितलं पाहिजे."

आमच्या पश्चिमेच्या टोकाला वर्ना एकटीच आहे. दुसरं कुणी नाही. तिचा शब्द धरायचा नाही म्हणजे आमचा भोंगा कायमचा मुका. मी फोन ठेवला. चौथी बरणी टक् झाली, आणि एली रडत उठला.

"ती जमीन गेरिंगची," वर्ना म्हणाली. "तो राहतो शहरात, बांधावर पाय ठेवत नाही. कापणीवाले उद्या सकाळी येतायत."

"मग आज."

"पोरांना घेऊन?"

"कुणाजवळ ठेवू? ग्रँट खाली ओक्लाहोमात लोकांचा गहू कापतोय." ग्रँट माझा नवरा, कापणीच्या टोळीबरोबर गेला होता.

वर्नानं काल भाजलेले झ्वीबाक, आमच्याकडचे ते एकावर एक बसवलेले छोटे पाव, फडक्यात बांधून घेतले. मी एलीला छातीशी बांधलं आणि आम्ही पिकअपमधून निघालो.

हार्मनीला पोचलो तेव्हा ऊन कडक होतं. विला धावत जाऊन पंपाचा दांडा हलवून आली. कोरडाच करकरला. "शाळा कुठाय?" तिनं विचारलं.

"ही काय," वर्ना गवतात उभी राहून म्हणाली. "तू आता फळ्यावर उभी आहेस. खाली उतर, बाई मारतील."

विला टुणकन बाजूला झाली.

तिथून दक्षिणेला मैलभर गाडीनं गेलो, मग शेतात शिरलो. गहू जागोजागी झोपला होता. त्या दिवशी गाराही पडल्या होत्या, आणि सगळं पीक एकाच दिशेला, ईशान्येकडे, कललेलं. नुसता वारा असाच झोपवतो. केंट हेच म्हणणार, गारा आणि वारा. अर्धा तास चाललो. एलीचं डोकं माझ्या गळ्याला घामानं चिकटलं होतं. कुसं पायाला टोचत होती. वर्ना पुढं होती, विलाचं बोट धरून, आणि तिची पावलं मंद होत चालली होती.

"इथंच होतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "इथंच असायला हवं."

आणि एक क्षण मला शंका आली. एकाहत्तर वर्षांची बाई, समोर पावसाचा पडदा, गाडीची काच ओली. फाटका ढग असेल तर? मी तिच्याकडे बघितलं आणि तिला ते कळलं. तिनं विलाचा हात सोडला. केंटचा मला राग होता तो होताच, पण त्या क्षणाचा जो राग आहे तो माझा माझ्यावरचा आहे आणि तो अजून गेलेला नाही. कागदावर एकानं लिहिलं खोटा, आणि तिचे पाव खाऊन वाढलेली मी, मीसुद्धा तपासून बघू लागले.

"आई!" विला पुढून ओरडली. "इथं भोवरा आहे!"

"कसला भोवरा?"

"एलीच्या डोक्यावर आहे ना, तसा!"

आम्ही धावलो. उभ्या गव्हाच्या आत, बांधावरून कधीच दिसला नसता असा, तीसेक पावलं रुंद पट्टा होता. त्यात गहू एका दिशेला झोपलेला नव्हता. डावीकडची ताटं उजवीकडे कललेली, उजवीकडची डावीकडे, आणि मधोमध ती एकमेकांत गुंफून गोल गोल बसलेली. मी एलीच्या टाळूकडे बघितलं. मऊ काळे केस, तसेच, त्याच वळणानं. पट्टा पुढं ईशान्येला जात होता, जसं वर्नानं सांगितलं होतं तसा. त्याच्या कडेला कुणाच्या तरी शेडचा पत्रा खांबाभोवती रुमालासारखा गुंडाळला होता.

वर्ना खाली बसली. तिनं तळहात गव्हावर फिरवला, झोपलेल्या पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

"बघितलंस?" ती म्हणाली.

"बघितलं, तांते."

"माझ्यासाठी नाही विचारत. तुझ्यासाठी विचारतीये. बघितलंस ना?"

"बघितलं. माफ कर."

"पाव खा," ती म्हणाली आणि फडकं सोडलं.

मी दोन्ही कडांवरून फोटो काढले, ओंब्या मध्याकडे वळलेल्या. फोनमधलं होकायंत्र दाखवून काढले. आणि वर्नाला एक कागद धरून उभं केलं, त्यावर मोठ्या अक्षरांत हार्मनीच्या कोपऱ्यावरच्या दोन्ही रस्त्यांची नावं लिहिली. चौदावा रस्ता आणि प्लम रस्ता, तिथून मैलभर दक्षिणेला. "आरोपीसारखी दिसतीये मी," ती म्हणाली. खरंच तशी दिसत होती.

फोटो मी केंटकडे पाठवले नाहीत, सरळ हवामान कचेरीत पाठवले. शुक्रवारी तिथल्या एका बाईंचा फोन आला. मी जे वर्नाला विचारते तेच त्यांनी मला विचारलं, त्याच क्रमानं. फिरलंय का, टेकलंय का, किती लांब. मग कुठं, तेव्हा मी रस्ते सांगितले. "टोर्नेडो म्हणून धरतो आम्ही," त्या म्हणाल्या. "दुबळा होता, चार मिनिटांचा. पण होता." फोन ठेवून मी वर्नाच्या त्या पत्राच्या मागं पेन्सिलीनं लिहिलं, होता. तोवर गेरिंगचं शेत कापून झालं होतं.

सोमवारी काउंटीच्या त्या थंड हॉलमध्ये आम्ही चौघं पहिल्या रांगेत बसलो. केंटनं उभं राहून वाचलं, की चार जूनच्या अहवालाची नोंद दुरुस्त करण्यात येत आहे. किराणा मालाची यादी वाचावी तसं वाचलं. वर्नाकडे बघितलं नाही. आणि तोच कागद उलटून पुढं म्हणाला, "आता ठराव. भोंगा वाजवण्यासाठी यापुढं दोन निरीक्षकांचा दुजोरा हवा. आणि सगळे निरोप थेट इथं कचेरीत येतील, खाजगी घरांमधून नाही."

मी उभी राहिले. एली खांद्यावर होता.

"आत्ताच तुम्ही वाचलंत की तिचं बरोबर होतं."

"या वेळी," केंट म्हणाला.

"चुकलात तुम्ही. चुकीच्या शाळेकडे गेलात. मग नियम तिच्यावर का?"

"गोंधळ टाळण्यासाठी. आणि जागा नीट न सांगणं ही तुमच्याकडचीच चूक होती, नाही का?"

"होती. ती माझी. मी रस्त्याचा नंबर घातला नाही, आणि आता जन्मभर घालीन. पण मी कुणाला खोटं म्हटलं नाही. तुम्ही म्हटलंत, आणि अजून तिला सॉरी म्हटलेलं नाही."

मंचावर काउंटी मंडळाचे तीन सदस्य होते. मधले रोलँड फाउस्ट, वयस्कर, चष्मा नाकावर. ते मऊ आवाजात म्हणाले, "बाळ, आम्हाला तुझ्या भावना समजतात..."

"मला बाळ म्हणू नका. बाळ माझ्या खांद्यावर आहे."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. फाउस्ट लाल झाले. मतं घेतली. दोन विरुद्ध एक, ठराव पास.

"पश्चिमेच्या टोकाला दुसरं कुणी नाही," मी म्हटलं. अजून उभीच होते.

"मग शोधा," केंट कागद गोळा करत म्हणाला. "नाव द्या, प्रशिक्षण देऊ. कुणीही चालेल."

हॉलमध्ये नॉयफेल्डची दहाएक माणसं होती. कुणी छताकडे बघत होतं, कुणी बुटांकडे. मी त्यांना दोष देत नाही. कापणीचे दिवस आहेत, आणि मोठ्या वादळाखाली उघड्या रस्त्यावर गाडी लावून उभं राहायचं म्हणजे गंमत नाही. पण ते पत्र हातात आलं त्या बुधवारपासून माझ्या आत जे उकळत होतं ते तोंडाशी आलं होतं.

"लिहा," मी म्हटलं. "ट्रिना रेगियर."

केंटनं वर बघितलं. "तुम्हाला दोन लहान मुलं आहेत."

"नाव लिहा. स्पेलिंग सांगू?"

त्यानं लिहिलं. "कोपरा कुठला?"

"चौदावा रस्ता आणि प्लम. वायव्येचा कोपरा."

"हार्मनी शाळेसमोर," वर्ना बसल्या जागेवरून मोठ्यांदा म्हणाली. "ती जिथं आहे तिथं."

परतताना गाडी वर्नानंच चालवली. तिचीच नाही, तर माझी गाडीसुद्धा तीच चालवते, त्याबद्दल आमचं कधी बोलणं होत नाही. विला मध्ये बसली होती आणि एली मागं त्याच्या खुर्चीत पेंगत होता. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, पिवळी, बोडकी. माझा राग अजून निवला नव्हता. जबडा दुखत होता, इतके दात आवळले होते.

"मूर्ख आहेस तू," वर्ना समोर बघत म्हणाली.

"माहितीये."

"प्लम रस्त्याला पाऊस झाला की चिखल होतो. गाडीचं तोंड आधीच पूर्वेला करून ठेवायचं. मी दाखवीन." तिनं चाकावरचा एक हात काढून माझ्या गुडघ्यावर थापटला आणि परत चाकावर ठेवला.

नैर्ऋत्येला लांब एक ढग वर येत होता. कोबीच्या गड्ड्यासारखा, पांढराशुभ्र, अजून निरुपद्रवी. वर्नानं बघितला, मीही बघितला. आणि आम्हा दोघींच्या मध्ये बसून विलानंही.

"आई, आता तूपण वादळ बघायला जाणार?"

"हो."

"वर्नाआजीसारखी? रस्त्यावर?"

"हो, राणी. सगळ्यांना वेळेवर कळावं म्हणून."

"आणि वर्नाआजी पण जाणार?"

"मी पण," वर्ना म्हणाली.

विलानं थोडा विचार केला. बोटांवर काहीतरी मोजलं. ढग आणखी जरा वर आला होता.

"बाबा तर गव्हाच्या मागं गेलाय," ती म्हणाली. "मग शेवटच्या पायरीवर मला हात कोण देणार?"